सूनबाई नावाचं फोल्डर

आमच्या आबांचा आवाज फार मोठा आहे. आबा म्हणजे माझे सासरे. सोयगावच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगायचं काम. माइक बंद पडला तरी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला सगळं ऐकू जायचं, असं माझा नवरा सांगतो. निवृत्त होऊन ते शहरात, गारखेड्याला आमच्याकडे राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झालेला नाही. न्हाणीतून टॉवेल मागितला तरी शेजारच्या काकू दचकतात. मला लॅपटॉपची गोष्ट सांगायची आहे, पण ती आबांशिवाय सुरूच होत नाही.

मी प्रोग्रामर होते. लग्नानंतरही काही वर्षं इथल्याच एका कंपनीत काम केलं. यंत्रांचे भाग पडद्यावर काढायचे, ते फिरवून, उलटसुलट करून दाखवायचे, असे आमचे प्रोग्राम. मग मुलगी झाली आणि नोकरी सुटली. ती शाळेत जायला लागली तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या, दिवस झाले, घर पुन्हा रुळावर आलं, आणि बघते तर मुलगी सातवीत. घर सांभाळलं याचं मला दुःख नाही. पण लग्नकार्यात कुणी ‘सध्या काय करता?’ म्हणून विचारलं की ‘घरीच असते’ म्हणताना माझा आवाज बारीक व्हायचा. माझा स्वभाव तसा तिखट, त्यामुळे त्या बारीक आवाजाचा मलाच राग यायचा. एकदा जेवताना मी जाहीर करून टाकलं की मी पुन्हा काम शोधणार आहे. नवरा म्हणाला, ‘‘शोध की.’’ आबा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून रिक्षा करून औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले.

दुपारी ते परत आले ते लॅपटॉप घेऊन. जुनाच, कुणीतरी वापरलेला, पण चांगल्या ताकदीचा. दुकानात काय झालं ते त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. दुकानदार त्यांच्या ओळखीचा, त्याचे वडील सोयगावच्या बाजारात कापड विकायला यायचे. त्यानं सगळं नीट पुसून नव्यानं भरून दिलं आणि शेवटी विचारलं, ‘‘चाचा, नाम क्या डालूं? किसका है?’’

‘‘सूनबाईचा,’’ आबा म्हणाले.

‘‘तो इंग्लिश में डालता हूं ना, चाचा. बाद में लफडा नको.’’

‘‘नाय. मराठीतच टाक. आमच्या घरात कोन इंग्रज हाये का?’’

दुकानदारानं हसत हसत मराठीत टाकलं. लॅपटॉप उघडला की निळ्या पडद्यावर ठसठशीत अक्षरं यायची: सूनबाई. आबांनी मला ते बसवून दाखवलं. आपल्या हातानं पाटी रंगवल्यासारखे खूश होते. मलाही छान वाटलं, हे कबूल करायला हवं. आयुष्यात मला कुणी वस्तू दिली आणि तिच्यावर आधीच माझा हक्क लिहून दिला, असं पहिल्यांदाच झालं होतं.

आता सूनबाई हे काही माझं नाव नव्हे. पण नावाचं माझं जरा विचित्रच आहे. लग्नात माझं नाव बदललं. यांच्याकडे ती पद्धत आहे: ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. चांगलं होतं, पण माझं नव्हतं. पहिलं वर्षभर त्या नावानं कुणी हाक मारली की मी वळायचेच नाही. सासूबाईंना वाटायचं, सून एक तर बहिरी आहे नाहीतर आगाऊ. शेवटी त्याही कंटाळल्या, मीही कंटाळले, आणि मी घरात नुसती सूनबाई झाले. नवऱ्याची ‘अगं’, मुलीची ‘आई’, शेजारच्या काकूंची ‘वहिनी’. जुनं नाव उरलं माझ्या आईच्या फोनवर आणि कपाटातल्या डिग्रीच्या कागदावर. मला ते नाव फार आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

अर्ज पाठवायला लागले. एका ठिकाणाहून उत्तरच नाही, दुसऱ्या ठिकाणी ‘एवढी गॅप?’ म्हणून एका पोरसवद्या मॅनेजरनं भुवई उडवली. मी त्याला जे ऐकवून आले त्यानंतर तिथून उत्तर येण्याची शक्यताही संपली. मग चिकलठाण्याकडच्या एका छोट्या ऑफिसातून फोन आला. कारखान्यांसाठी यंत्रांची चित्रं पडद्यावर करणारं ऑफिस, म्हणजे माझंच जुनं काम. बोलणारे गृहस्थ शांत होते. ‘‘मॅडम, तुमचा अनुभव चांगला आहे, पण जुना आहे. आम्ही आता नवी ग्राफिक्स लायब्ररी वापरतो. तुम्ही असं करा, ती तुमच्या लॅपटॉपवर बसवा आणि एक दातेरी चक्र फिरवून दाखवा. शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन या. चक्र फिरलं तर पुढचं बोलू.’’

सरळ बोलणं होतं, मला आवडलं. पण ही संधी गेली की मी पुन्हा अर्ज करणार नाही, हे मला आतून माहीत होतं. माझी सगळी हिंमत मी या एका शनिवारसाठी गोळा केली होती.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. पडद्यावर रेघ कशी मारायची, रंग कसा भरायचा, उजेड कुठून पाडायचा, हे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं; ते आपण आपल्या संगणकावर बसवायचं आणि वापरायचं. ऐकायला सोपं आहे. पण ती लायब्ररी एकटी येत नाही. तिला खिडकी उघडणारी दुसरी लायब्ररी लागते, चित्रं वाचणारी तिसरी, अक्षरं काढणारी आणखी एक, आणि त्या प्रत्येकीला आपापल्या आणखी कुणीतरी. शिवाय हे सगळं आपल्या लॅपटॉपवर जुळवून तयार करणारी अवजारं वेगळीच. माझ्या काळात हे काम ऑफिसातला एक मुलगा करून द्यायचा आणि आम्ही नुसते वापरायचो. आता तो मुलगा मीच.

आबा हिवाळ्यात दुपारभर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसतात. मी जेवणाच्या टेबलाशी, ते खाली चटईवर. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, ‘‘काय म्हणतंय?’’

मी म्हटलं, ‘‘आबा, लग्नासारखं आहे. एका पाहुण्याला बोलवायचं तर आधी त्याच्या मामाला बोलवावं लागतं. मामा म्हणतो, माझे व्याही आल्याशिवाय मी येत नाही. व्याह्यांना त्यांचे जावई हवेत.’’

आबांना हे ताबडतोब पटलं. सोयगाव तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे मानपान त्यांनी निस्तरले आहेत. तेव्हापासून रोज शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं की ते तिथूनच विचारायचे, ‘‘आज कोन रुसलंय?’’

‘‘आज अक्षरंवाले.’’

‘‘मनधरनी कर. बसतेत.’’

बसायचे खरंच. आबांच्या मोबाइलच्या नेटवर गोगलगाईच्या चालीनं एकेक पाहुणा उतरायचा. अडलं की मी शोधायचे, आणि दरवेळी कुणीतरी, कुठल्यातरी देशात, कधीतरी, त्याच दगडाला ठेचकाळलेलं असायचं. त्यानं आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहून ठेवलेलं असायचं की मी असं केलं आणि सुटलं. आबांना याचं भारी नवल.

‘‘हे लिहिनारे तुझ्या वळखीचे?’’

‘‘नाहीत, आबा.’’

‘‘पैसे मागतेत?’’

‘‘नाही. लायब्ररीसुद्धा फुकट आहे.’’

‘‘मग काहून करतेत एवढं?’’

मी म्हटलं, करतात. आबांनी शेंगेतून दाणे काढत मान हलवली आणि म्हणाले, ‘‘भले लोक हायेत.’’ इतक्या वर्षांत मी असे कितीतरी लोकांचे प्रोग्राम वापरले, त्यांच्यावर नोकरी केली, पगार घेतला, पण त्यांना भले म्हणायचं कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानायला लागले. अजून मानते.

शुक्रवार उजाडला आणि गाडी अडली. सगळे पाहुणे आले होते, आता त्यांना एकत्र जोडून मुख्य लायब्ररी तयार करायची एवढंच उरलं होतं. जोडणी अर्ध्यावर जायची आणि लाल अक्षरं यायची: फाइल सापडत नाही. फाइल डोळ्यांसमोर होती. मी सगळं पुसून पुन्हा केलं. तेच. पुन्हा केलं. तेच. नवऱ्यानं कामावरून फोन केला तर त्याला विनाकारण झापलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाची पेस्ट झाली.

मग मी लाल अक्षरं शांतपणे वाचली. वाचली म्हणजे बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखी. फाइल कुठे आहे याचा पूर्ण पत्ता त्यात लिहिलेला असतो: अमुक ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्यात तमुक. पत्ता सुरुवातीला ठीक होता. मग मधेच नुसती प्रश्नचिन्हं. एकापुढे एक. आणि प्रश्नचिन्हांनंतर पुन्हा सगळं ठीक.

प्रश्नचिन्हांच्या जागी काय असायला हवं होतं, ते मी फोल्डर उघडून पाहिलं. तिथं लिहिलं होतं, सूनबाई.

लॅपटॉप नवा भरताना जे नाव टाकतात, त्याच नावाचं एक फोल्डर तयार होतं आणि आपलं सगळं सामान त्यात राहतं. लॅपटॉपला मराठी वाचता येत होतं. पण या पाहुण्यांपैकी एका जुन्या खोडाला इंग्रजीपलीकडचं अक्षर कळत नव्हतं. ते त्या फोल्डरच्या दाराशी यायचं, पाटी वाचता आली नाही की परत फिरायचं. मी शोधलं तर याही दगडाला ठेचकाळलेला माणूस सापडला. त्याच्या आईनं ठेवलेल्या नावात एक अक्षर असं होतं की त्याच्या डोक्यावर दोन टिंबं होती. त्या दोन टिंबांपायी त्याचा आठवडा गेला होता. त्यानं लिहिलं होतं, सामान दुसरीकडे हलवून फार उपयोग होत नाही, अवजारं आपलं खरकटं, म्हणजे कामापुरत्या फाइली, त्याच फोल्डरात टाकतात. सरळ साध्या इंग्रजी अक्षरांत नवं खातं उघडा आणि पहिल्यापासून बसवा. मी आधी हलवूनच पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं.

‘‘आज कोन रुसलंय?’’ खालून आवाज आला.

मी लॅपटॉप मिटला. ‘‘नेट गेलंय, आबा.’’

त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. ज्या माणसानं रिक्षा करून जाऊन, दुकानदाराशी वाद घालून ते नाव टाकून घेतलं, त्याला काय सांगायचं, की तुमची पाटीच आडवी आली? मी ठरवलं की गुपचूप नवं खातं उघडायचं, काहीतरी साधं, ‘होम’ वगैरे नाव द्यायचं आणि विषय मिटवायचा.

पण ज्यानं आयुष्यभर उशिरा आलेल्या ड्रायव्हरांच्या सबबी ऐकल्या, त्याला नेट गेलंय सांगून काय उपयोग. आबांचा मोबाइल त्याच नेटवर भजन लावून वाजत होता. त्यांनी तो बंद केला. ‘‘गाडी कुठं अडली ते खरं सांग.’’

मग सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं, तुमचा काही दोष नाही, त्या जुन्या खोडाचा आहे, असं तीनतीनदा म्हणून सांगितलं. आबा ऐकत होते. हातातली शेंग तशीच राहिली.

‘‘म्हंजी मी टाकलेलं नाव काढल्याबिगर काम होनार नाय.’’

‘‘काढायचं नाही, आबा. ते राहील. शेजारी दुसरं उघडायचं.’’

‘‘मग उघड की. कुनाची वाट बघतीस? शनिवार उद्यावर आलाय.’’ आणि ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखे ‘आई गं’ म्हणत, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

मी नवं खातं उघडायला घेतलं. नाव विचारणारी चौकट आली. मी ‘होम’ लिहायला लागले तशी आबा म्हणाले, ‘‘काय टाकतीस?’’

‘‘होम. म्हणजे घर.’’

‘‘घर काहून? घरातूनच तर बाहेर पडायलीस. तुझं नाव टाक.’’

मी होम पुसलं आणि लग्नातलं नाव पुटपुटत लिहायला घेतलं, तांदळातलं. आबा बोटानं पडदा दाबून म्हणाले, ‘‘हे नाय. हे आम्ही ठेवलेलं. तुझ्या आईनं ठेवलेलं टाक.’’

आणि त्यांनी ते नाव घेतलं. आमचं लग्न ठरवायला आले होते तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि त्यांनी विचारलं होतं, नाव काय बाळ तुझं. एवढ्या एका वेळचं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. या घरात ते नाव त्यानंतर कुणी उच्चारलं नव्हतं.

आबा पडद्याकडेच बघत होते. ‘‘सर्टिफिकेटवर तेच हाये ना? मग साहेबाला तेच लागंल,’’ ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, ‘‘तुझ्या सासूचं बी बदललं होतं आम्ही. तिचं माहेरचं नाव लई गोड होतं. पन मी एकदाबी त्या नावानं हाक मारली नाय तिला. सुचलंच नाय.’’ मग त्यांनी सासूबाईंचं ते नाव मला सांगितलं, त्यांच्या मानानं फारच हळू आवाजात. इतकी वर्षं ज्या बाईची वेणी घातली, औषधं दिली, तिचं नाव मला तेव्हा कळलं.

मी रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. आबांना रडणं सहन होत नाही, त्यामुळे ते ओरडले, ‘‘आता टाक की लवकर! का मी टाकू?’’ शेजारच्या काकू नक्की दचकल्या असणार.

मी नाव लिहिलं. इंग्रजीत, साध्या अक्षरांत. आबांना इंग्रजी गाड्यांच्या पाट्यांपुरतंच येतं, म्हणून मला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. मी माझं नाव मोठ्यानं वाचलं. ‘‘बरोबर,’’ ते म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे गेले.

सगळ्या पाहुण्यांना पुन्हा पहिल्यापासून बोलावलं. पण आता वाट माहीत होती, रुसवे माहीत होते, आणि संध्याकाळचे दिवे लावायच्या सुमाराला जोडणी शेवटपर्यंत गेली. लाल अक्षर एकही नाही. या कामात पहिल्यांदा पडद्यावर एक त्रिकोण काढून बघायची पद्धत आहे. काळी खिडकी उघडली आणि तिच्यात एक त्रिकोण उभा राहिला.

मी किंचाळले. आबा धावत आले, त्यांच्या मागे मुलगी. तिघांनी मिळून त्रिकोण बघितला.

‘‘एवढंच?’’ आबा म्हणाले.

‘‘एवढंच. पण पडद्यावर जे काही दिसतं ना आबा, ते सगळं अशाच त्रिकोणांचं करतात. एक आला की चक्र येतं, यंत्र येतं, तुमची एसटीपण येईल.’’

‘‘मग लई झालं,’’ आबा म्हणाले.

चक्र करायला मला वेळ लागला नाही. ते माझं जुनं काम होतं, हात विसरले नव्हते. शनिवारी सकाळी त्या शांत गृहस्थांसमोर लॅपटॉप उघडला, चक्र फिरवलं, त्याला दुसरं चक्र जोडून तेही फिरवलं. त्यांनी विचारलं, बसवताना काही अडलं का? मी फोल्डरची गोष्ट सांगितली. अर्थात रडण्याचा भाग गाळून. ते म्हणाले, लाल अक्षरं शेवटपर्यंत वाचणारी माणसं मिळत नाहीत हो. सोमवारी फोन आला. फोनवरच्या बाईनं माझं जुनं नाव घेऊन विचारलं, ‘‘त्याच बोलताय ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, तीच बोलतेय.’’ माझा आवाज बारीक नव्हता.

घरात मी अजून सूनबाईच आहे आणि मला ते गोडच वाटतं. ते फोल्डरही मी ठेवलंय. त्यात मुलीचे फोटो आहेत, आबांची भजनं आहेत.

कामाचा पहिला दिवस सांगते आणि थांबते. त्या इमारतीतल्या सगळ्या ऑफिसांची मिळून एक मिनीबस गजानन मंदिराच्या चौकात येते. आबा मला स्कूटरवर सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. गाडी वेळेवर लागते का ते त्यांना बघायचं होतं. गाडी लागली. मी घाईत उतरले, बायकांच्या रांगेत शिरले, पायरीवर पाय ठेवला, आणि डबा स्कूटरच्या हुकलाच राहिला.

मागून हाक आली. सोयगावच्या स्टँडवरची, बिनमाइकची, सगळा चौक ऐकेल अशी. सूनबाई नव्हे. आईनं ठेवलेलं नाव.

मी पहिल्याच हाकेला वळले.